अब्बांची गाडी, मॉडेल १९४२

७ डिसेंबर २००३, रविवार
गाडी आली. टेम्पोने, पोलादपूरहून, सासऱ्यांच्या गोठ्यातून. बी.एस.ए. मोटरसायकल, १९४२, मिलिटरीची. अब्बांनी (म्हणजे माझ्या बायकोच्या, आयशाच्या) लिलावात घेतली आणि तीस वर्षं चालवली. शेवटची चार वर्षं बंदच होती. सप्टेंबरात अब्बाही गेले.

आयशा अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिहापासून माहेरीच आहे. हवापालट. चाळिसाव्याच्या दिवशी मी पुण्याला जुन्या मोटरसायकलींचा मेळावा बघायला गेलो होतो, हे तिला लागलं. संध्याकाळपर्यंत पोलादपूरला पोचणारच होतो, वरंध घाटात एस.टी. बंद पडली. यात माझा दोष काय? भांडली असती तर समजावता आलं असतं, पण भांडलीसुद्धा नाही. आज टेम्पोत गाडी चढवताना एवढंच म्हणाली, अब्बांची गाडी चालू करून आना, तिच्यावर बसून येते घरी.

म्हणजे विषय मिटला. पंधरा दिवसांचं काम.

१४ डिसेंबर, सकाळी ११
चालू झाली! अकराव्या किकला. मुरारी मिस्त्रीने मॅग्नेटो आणि कार्बोरेटर साफ केला, बाकी काही नाही. चवदार तळ्याच्या कडेने फेरी मारली. डोळ्यांत पाणी आलं. (धूर फार होता.)

मुरारी म्हणाला, भाईजान, आता असेच जावा नि वहिनींना घेऊन या, अर्ध्या तासाचा रस्ता हाय. मुरारीचा हात चांगला, पण दृष्टी नाही. असलं हिरव्या ऑइलपेंटचं ध्यान घेऊन बायकोला आणायला जायचं? २२ फेब्रुवारीला पुण्यात जुन्या गाड्यांची स्पर्धा आहे. शंभर मार्क, दोन परीक्षक, चांदीचा कप. आधी कप, मग पोलादपूर. आयशा दारात येईल, मी कप पुढे करीन. अब्बांच्या गाडीचा कप! चाळिसाव्याचं नावसुद्धा निघणार नाही.

१५ डिसेंबर
आयशाचा फोन. झाली का चालू? म्हटलं, मॅग्नेटो गेलाय. हे खोटं नव्हे, सरप्राइज आहे.

२१ डिसेंबर
वीस वर्षं एमआयडीसीत स्टोअरकीपर आहे, उगाच नाही. मॅन्युअलची झेरॉक्स मिळवली आणि ओरिजिनल नसलेल्या वस्तूंची यादी काढली. हिरवा रंग: मेव्हणा आदिल जन्मला तेव्हा अब्बांनी आनंदात स्वतः ब्रशने फासला. ओरिजिनल खाकी. मागची सीट: मिलिटरीत एकच सीट. ही अब्बांनी अम्मींच्या मापाने शिवून घेतली, त्यामुळे पाटाएवढी रुंद. साडी गार्ड: कापडे गावच्या लोहाराकडून, त्यात वेलबुट्टी. मिलिटरीत साडी कोण नेसतं? टाकीला पोचा: आंबेनळी घाटात गाडी घसरली तेव्हा सात वर्षांची आयशा टाकीवर बसली होती. तिचा पुढचा दात तिथेच पडला. तो पोचा ती अजून पाहुण्यांना दाखवते.

एकूण अठरा मार्कांचं नुकसान. सगळं काढायचं.

४ जानेवारी २००४
मुरारी अडून बसला. म्हणाला, गार्डला मी पाना लावनार नाय. मानसाने बायकोसाठी करून घेतलेली वस्तू हाय ती. मी समजावलं, हे शास्त्र आहे. तो बिडी ओढत बाहेर जाऊन बसला. शेवटी मीच काढलं. चार बोल्ट होते, निघताना रडवलं. गार्ड आणि सीट चांगू भंगारवाल्याला दिली. बदल्यात त्याने एक प्लास्टिकची बादली दिली. बादली बरी आहे.

रेकॉर्डसाठी आधी एक फोटो काढून ठेवला. स्टोअरची सवय.

१८ जानेवारी
खाकी रंग लागला. पोचा भरला. टाकीत तोंड दिसतं. मी स्वतःच कडक परीक्षक होऊन मार्क दिले: शहाण्णव. चार मुद्दाम कापले, गर्व नको म्हणून.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे पाचला पॉलिश. रोज आयशाला फोन.

२३ जानेवारी
पॉलिश चालू आहे. फोन राहिला.

२ फेब्रुवारी, बकरी ईद
पोलादपूरला जाणार होतो, पण टाकीवरच्या अक्षरांचा दुसरा हात ओला होता. सोडून जाणं धोक्याचं. नमाज पढून परत कामाला लागलो. घर फार शांत वाटलं. ईदला शीरखुर्मा स्वतः करून खाल्ला, दूध लागलं.

दुपारी आदिल मटणाचा डबा घेऊन आला. मी पटकन गाडीवर चादर टाकली. म्हटलं, इंजिन खोललंय. आदिल म्हणाला, भावजी, ऱ्हाऊ दे ती गाडी, तुमी यष्टीनं चला माझ्यासंगं. ती हायवेला कुठली पन गाडी फटफटली की दारात येते. मी म्हटलं, अजून वीस दिवस. तो चादरीकडे बघत उभा राहिला, मग रिकामा डबा घेऊन गेला.

वीस दिवस म्हणजे काय आहेत? चुटकीसरशी जातील.

२२ फेब्रुवारी, पुणे
एक्केचाळीस.

नीट लिहून ठेवतो. पहिला परीक्षक बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. इंजिनचा नंबर आणि सांगाड्याचा नंबर जुळेना. अब्बांनी केव्हातरी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं होतं, कोणाला बोलले नाहीत. दुसऱ्याने टाकीत स्वतःचं तोंड पाहून विचारलं, युद्धावर निघालेली गाडी एवढी चमकायची का हो?

पहिलं बक्षीस कराडच्या एका म्हाताऱ्या गुरुजींना. गंजलेली गाडी, फाटकी सीट, हँडलला नातवासाठी बांधलेली वेताची खुर्ची. ‘जशी आहे तशी’ असा वेगळा गट होता. फॉर्मवर छापलेला होता. मी वाचला नव्हता असं नाही, मला तो गट आळशी लोकांचा वाटला होता.

मी वाद घालायला गेलो. किती काम केलंय ते कळावं म्हणून जुना फोटो दाखवला. बॅटरीवाल्याने चष्मा कपाळावर चढवून तो बराच वेळ पाहिला. म्हणाला, हीच का नाही आणलीत?

मी फोटो खिशात घातला. येताना टेम्पोत मागे गाडीजवळ बसलो. ड्रायव्हरने दोनदा पुढे बोलावलं.

२४ फेब्रुवारी
सहज चांगूकडे गेलो. गार्ड जानेवारीतच खोपोलीला वितळायला गेलं. सीट? चांगू म्हणाला, साहेब, तिच्यावर आमचा कुत्रा निजायचा, त्याने फाडून टाकली. तुमाला पायजे होती काय? म्हटलं, छे, विचारलं आपलं.

हरकत नाही. आयशाला कप घेऊन काय करायचंय? तिने कप मागितलाच नव्हता. तिने मागितलं होतं, चालू करून आना. ती चालू आहे. उद्या रजा टाकली. कॅरिअरवर उशी बांधीन.

२५ फेब्रुवारी, बुधवार
दहाला निघालो. गाडी घोड्यासारखी पळाली. पोलादपूरला त्यांच्या गल्लीत वळलो तर आवाज ऐकून आयशा पदराला हात पुसत धावत बाहेर आली. बारीक झाली आहे. पायरीवर आली आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं. अजून काही येतंय का, असं.

म्हणाली, कोनाची हाय ही?

मी सांगणार होतो. आयशा, हीच ती. देवाशपथ, तोंड उघडलं होतं. पण ती टाकीकडे बघत होती, पोचा होता त्या बाजूला. तिथे तिला काहीच दिसलं नाही, तर ती एखाद्या परक्याच्या गाडीकडे बघावं तशी बाजूला सरकली. मी म्हणालो, मित्राची. अब्बांची घरी आहे, थोडं काम राहिलंय.

तिच्या जिवात जीव आल्यासारखं दिसलं. अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. पडलेल्या दाताच्या जागचा दात अजून वाकडा आहे, तो दिसला. म्हणाली, मला वाटलं, तुमी ती विकून ही घेतली.

मग आत गेली आणि घडी घातलेलं काहीतरी घेऊन आली. सीटचं कव्हर. हिरव्या मखमलीचं, कडेला पिवळी दोरी. म्हणाली, माप आठवून शिवलंय, अम्मी बसायची तेवढं. घालून बघा, बसतंय का. आदिल दारात उभा होता. तो खाली बघत राहिला. चादरीखालचं त्या दिवशी त्याने पाहिलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

चहा झाला. मी भीत भीत म्हटलं, आज एस.टी.ने चल की. म्हणाली, आता एवढं थांबले तर थांबते. तुमी गाडीला एवढी मेहनत घेताय. किती दिवस लागतील अजून?

म्हटलं, पंधरा.

म्हणाली, बरं.