सत्तरच्या अलीकडे, पलीकडे

४ नोव्हें., मंगळ.
काल अँजिओग्राफी झाली, मनगटातून. हृदयाच्या एका नसेत अडथळा. कॉम्प्युटर म्हणतो ७१ टक्के, डॉक्टरांच्या नजरेने ६५. सत्तरच्या वर स्टेंट, खाली गोळ्या. म्हणजे घोडं एका टक्क्यावर अडलंय. विचारलं, "प्लस-मायनस किती?" डॉक्टर हसले. जन्म गेला वीज केंद्रात प्रेशर गेज तपासण्यात. प्लस-मायनस नसलेला आकडा मी कधी मानला नाही.
सुमन ऑटोत: "बायकोचं ऐकलं नाही कधी, आता डॉक्टरलेही मीटर समजून राहिले का?"

६ नोव्हें., गुरु.
राहवलं नाही. एकटाच अँजिओग्राफीच्या लॅबमध्ये गेलो. तिथली टेक्निशियन पोरगी भली. माझ्यासमोर तेच चित्र पुन्हा मोजलं. ६६. दुसऱ्या फ्रेमवर ६९. "काका, नस हालत राहते न. फ्रेम बदलली का आकडा बदलते."
दोन्ही सत्तरच्या आत! परत येताना तर्री-पोह्यांच्या ठेल्यापाशी थांबलो. खायची हिंमत नाही झाली, वास घेऊन आलो.

७ शुक्र.
आनंद एक दिवस टिकला. मशीन अरुंद जागा शेजारच्या चांगल्या जागेशी ताडून टक्के काढतं. पण त्रेसष्ट वर्षांच्या नसेत चांगली जागा तरी चांगली कशावरून? तीच आतून बारीक झाली असेल तर ६६ म्हणजे खरे ७५, की ८०...
भीती वाटते. सरळ लिहितो.

९ रवि.
नको ते आठवलं. आमचा मास्टर गेज. त्याच्याशी लावून बाकीचे तपासायचो, 'ठीक'चं लेबल चिकटवायचो. मास्टरच चुकत होता, पाच-सहा महिने. कळल्यावर गुपचूप बदलला, जुनी लेबलं तशीच राहू दिली. नशीब, काही फुटलं नाही.
आज जेवताना सुमनला सांगितलं, पहिल्यांदाच.
"तवा काहून नाही सांगितलं कोणाले?"
मी भात कालवत राहिलो.
"लोकं तर तुमचं लेबल पाहूनच काम करत होते न," म्हणाली आणि वरण वाढलं.

१० सोम.
डॉक्टरांनीच मार्ग काढला. नसेत बारीक तार घालून अडथळ्याच्या अलीकडचं-पलीकडचं प्रेशर मोजणार. त्यावर ठरेल. प्रेशर म्हणजे माझा विषय, पण या वेळी पाइप मीच.
टेक्निशियनला फोन केला. "मोजायच्या आधी तारेचं रीडिंग शून्यावर आणता न?"
"आणतो न, काका."
"दरवेळी?"
जरा थांबली. "हो."
का थांबली?

११ मंगळ.
नऊला बोलावलंय. चिठ्ठी लिहिली: 'शून्य केलं का, विचारणे.' शर्टाच्या खिशात ठेवली. मग लक्षात आलं, तिथे शर्ट काढून घेतात. सुमनकडे दिली. तिने घडी करून पर्समध्ये ठेवली. तिला लॅबच्या दाराच्या आत सोडत नाहीत, हे दोघांनाही माहीत आहे.
ऑटो आला.