कुंपणावरचा पिवळा दोरा

रविवार, दिवेलागण. पारोळा.

मी बोलते, फोन लिहितो. मला वाचता येत नाही, म्हणजे गुपित माझ्यापासूनही जपलेलं!

मेंदीच्या कुंपणावर अमरवेल चढलीय, नुसते पिवळे दोरे. गल्लीतली रेखा दर रविवारी येते, ते ओढून काढते, चहा पिते, माझे टोमणे खाते. आज सगळी वेल ओढून झाल्यावर हात झटकत म्हणाली, "आजी, बठ्ठी वेल काढी टाकी. आते माले येवानं काम नही."

"बरं व्हयनं वं माय, मनी साखर वाचनी."

ती गेली. घर इतकं गप्प, की तोच कप मी दोनदा विसळला.

मग अंगणात पडलेला एक पिवळा दोरा उचलला. अमरवेलीला माती लागत नाही, फांदी पुरते. एका दोऱ्याने मेंदी मरेल का? नसेल मरत. हळूच कुंपणावर ठेवला.

मेंदीला म्हटलं, माझ्यासाठी एवढं सोस.