विल्डाच्या ओसरीची बंदी

२ ऑक्टोबर. सकाळी.
मला अक्षर येत नाही, आणि आता शिकायची हौसही नाही. मी बोलते, सून वर्लीन लिहिते. तिनं मनचं काही घालायचं नाही. हेही लिही, वर्लीन.
केस मीच जिंकले. म्हणजे तुरुंग नाही, प्रोबेशन. आरोप असा, की शेजारच्या विल्डाच्या ओसरीवरची, वाऱ्यानं किणकिणणारी विंडचाइम मी छऱ्याच्या बंदुकीनं उडवली. नेम किती अचूक होता, यावर कोर्टात कुणी चकार शब्द काढला नाही. आता वर्षभर विल्डाशी बोलायचं नाही, तिच्या आवारात पाय टाकायचा नाही. मोडलं तर महिनाभर आत.
लग्न होऊन या खोऱ्यात आले तेव्हापासून रोज सकाळी तिच्या ओसरीवर कॉफी प्यायले. सुटले एकदाची. तिची कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी.

५ ऑक्टोबर
कॉफी घरी केली. उत्तम झाली. टाकून दिली.

९ ऑक्टोबर
प्रोबेशन ऑफिसर प्रूइटकडे हजेरी. पोरगेलासा आहे. मिशी यावं की न यावं अशा विचारात. म्हणाला, आजी, शेजारी जात नाही ना? म्हटलं, बाळा, बोलावलं तरी जायची नाही.
निश्चय : विल्डाच्या घराकडे बघायचंसुद्धा नाही. स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला आहे, त्याला माझा इलाज नाही.

११ ऑक्टोबर
विल्डानं आज ओसरीवर दोन खुर्च्या मांडल्या. एकीवर स्वतः बसली, दुसरीवर मांजर. मांजराला कॉफीतलं काय कळतं?

१७ ऑक्टोबर
विल्डाचा नवरा ऑर्बिन गेला. खुर्चीत बसल्या बसल्या. भला माणूस. बायकोपुढं कधी बोलला नाही, म्हणून इतका टिकला.
आमच्याकडे कुणी गेलं की शेजारणीनं गरम भांडं घेऊन मागच्या दारानं आत जायचं. दार वाजवायचं नाही, विचारायचं नाही. भांडं ठेवायचं आणि जमलेल्यांना वाढायला लागायचं. वर्लीन म्हणाली, आई, कोर्टाच्या कागदात स्पष्ट आहे, जायचं नाही. म्हटलं, कागद केला तेव्हा ऑर्बिन जिवंत होता.
योजना : जायचं, ठेवायचं, तोंड मिटून परत यायचं. बोलणं झालं नाही, तर ती भेट कसली?

१८ ऑक्टोबर
योजना पार पडली. बरीचशी.
कोंबडीच्या रश्शातल्या डंपलिंगचं, म्हणजे पिठाच्या गोळ्यांचं, पातेलं ओट्यावर ठेवलं. बघते तर शेजारी दुसरं पातेलं, त्यातही डंपलिंगच. चाखलं. मिठाचा पत्ता नाही. आता अशा वेळी माणसानं गप्प कसं राहायचं? मी पातेल्याला बोलले, विल्डाला नाही. पण आतून विल्डाच म्हणाली, ओझेले, ते मी केलंय. नवरा मेलाय माझा, मीठ कुठं शोधत बसू? म्हटलं, खालच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागं. याला बोलणं म्हणत नाहीत, मीठ दाखवणं म्हणतात.
मग ती रडायला लागली, आणि मी वाढायला लागले. दारात एक काडीपैलवान उभा होता. वर न बघता ताट भरून हातात दिलं. म्हटलं, खा रे, फासळ्या मोजता येतायत. त्यानं दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा वाढताना वर बघितलं, तर प्रूइट! ऑर्बिनचा लांबचा भाचा निघाला. म्हणाला, आजी, चव अप्रतिम. पण मला हे वर कळवावं लागेल.
खाल्ल्या अन्नाला जागणारी पिढीच संपली.

२६ ऑक्टोबर
समन्स आलं. प्रोबेशन मोडल्याची सुनावणी. कोर्टानं मला एक वकीलबाई दिली आहे, हॉलब्रुक नावाची. तिला म्हटलं, ज्यूरी बसव, त्यातल्या निम्म्यांना मी कधी ना कधी जेवू घातलेलं असणार. ती म्हणाली, आजी, यात ज्यूरी नसते. एकटे जजसाहेब. आणि पक्का पुरावाही लागत नाही. तुम्ही गेला असाल असं त्यांना वाटलं की पुरे. इथं तर साक्षीदारच तुमच्या हातचं जेवलाय.
म्हणे, अशी प्रकरणं बहुतेक कोर्टाबाहेरच्या बाकावरच मिटतात. आपण कबूल करायचं, सरकारी वकिलानं शिक्षा कमी मागायची. म्हटलं, बाकावर सौदे घोड्यांचे करतात. मी भाषण करणार.

१ नोव्हेंबर
वर्लीनला भाषण म्हणून दाखवलं. ऑर्बिनपाशी पोचेपर्यंत तिचे डोळे मिटलेले. भारावली असावी.

६ नोव्हेंबर. कोर्टाचा दिवस.
बाकावर बसले. तोंडातली पेपरमिंटची गोळी विरघळायच्या आत हॉलब्रुकबाई सरकारी वकिलाशी बोलून परतसुद्धा आल्या. म्हणाल्या, कबूल करा, तुरुंग नाही. वर विल्डानं स्वतः सांगितलंय, तिला ही बंदी नको. फक्त सगळ्यांसमोर विंडचाइमबद्दल माफी मागायची, की बंदी आजच उठेल. म्हटलं, एवढंच? झालं म्हणून समज.
आत आमच्या आधी तिघं होते. कबूल, कबूल, कबूल. जजसाहेब शेंगा सोलल्यासारखे निकाल लावत होते. माझी पाळी आली. गेलात? गेले. मनाई आहे हे ठाऊक होतं? होतं. पण त्या मागच्या दारानं जायची ती काही पहिली खेप नव्हे, असं मी सुरू करणार तोच हॉलब्रुकबाईंनी माझा पाय चेंगरला. जजसाहेब म्हणाले, ते मी ऐकलं नाही. आता माफी मागा.
समोर विल्डा. ऑर्बिनचा कोट घालून आलेली, बाह्या बोटांपर्यंत. म्हणाली, बोल बाई लवकर, कॉफी मांडून आलेय.
मी तोंड उघडलं. एवढं मोठं भाषण पाठ, त्यातला एक शब्द कामाचा निघेना.
म्हटलं, विल्डा, ती विंडचाइम बेसूर होती.
जजसाहेबांनी विचारलं, ही माफी समजायची का? म्हटलं, सुरुवात आहे.
विल्डा म्हणाली, ऑर्बिननं केली होती ती. घरातले चमचे ठोकून ठोकून.
हे मला माहीत होतं. चमचे निवडायला मीच बसले होते.
ती म्हणाली, जजसाहेब, राहू द्या बंदी.
तुरुंग नाही. प्रोबेशन आणखी एक वर्ष, बंदीसकट. पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

८ नोव्हेंबर
कोंबड्यांना दाणे टाकताना सहज म्हणून बघितलं : चुकलं माझं, माफ कर. सुरळीत निघालं. काहीच अवघड नाही. मग आणखी एकदा, जरा मोठ्यानं म्हणणार होते. पण विल्डा ओसरीवर येऊन उभी होती. तिला ऐकू गेलं असतं, आणि तिच्याशी बोलायला मला कोर्टाची मनाई आहे.