दोन्ही बाजू मिळून वीस

२ मार्च, सकाळी ७.४०
आजपासून रोजनिशी. कारण एकच, पुरावा. उद्या कुणी म्हणायला नको की मी हे आधीच सांगितलं नव्हतं.

काल जेवण झाल्यावर मुलीने सफरचंद कापायला माझा खिशातला चाकू घेतला. सफरचंदाला नुसतं खरचटलं. लगेच जावईबापू म्हणाले, द्या बाबा, वर नेतो, पाच मिनिटांत धार लावून आणतो. पाच मिनिटांत म्हणे. बत्तीस वर्षं मी भूमिती शिकवली. पहिली ते दहावी मुलीच्या एकूण एक पेन्सिलींना याच चाकूने टोक काढलं. आणि आता लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस मला धार लावून देणार. चाकू खिशात टाकला आणि सांगून टाकलं की या घरात धार मी लावतो. (आजवर कधी लावलेली नाही. पण तसं कुणी विचारलंही नाही.)

३ मार्च
दगड आणला. एक बाजू खरखरीत, एक गुळगुळीत. सोबतच्या कागदावर छापलंय, खिशातल्या चाकूसाठी कोन २० अंश. विषय संपला.

जावईबापूंचा कसा संपेल? कागद वाचून म्हणाले की हे प्रत्येक बाजूचे वीस. त्यांच्या कामाच्या मल्टिटूलसारखं राबणारं पातं असेल तर पंचवीससुद्धा. मी विचारलं, प्रत्येक बाजूचे असं कुठे लिहिलंय? तर म्हणे लिहिलेलं नसतं बाबा, माहीत असतं. मग मी फळा नसताना तास घेतला. कोन दोन भुजांमध्ये असतो, एकट्या भुजेला कोन नसतो. वीस म्हणजे दोन्ही बाजू मिळून वीस, एकेकीच्या वाट्याला दहा. यांच्या पद्धतीने चाळीस होतात. चाळीस अंशाच्या वस्तूला पाचर म्हणतात. तिने लाकूड फोडावं.

मुलगी म्हणाली, तुमचं दोघांचं रोज हेच चालणार असेल तर आम्ही दुसरी जागा बघतो. हे ती दर महिन्याला म्हणते. कुठेही जाणार नाही. वरचा मजला हवेशीर आहे आणि मी जिन्यातून हाक मारली की ती लगेच खाली येते. असं घर तिला कुठे मिळणार?

५ मार्च
संकल्प: रोज सकाळी अर्धा तास धार. शाळेतला लाकडी कोनमापक माळ्यावरून काढला आणि पुठ्ठ्याची पाचर कापली. बरोब्बर दहा अंश. पातं तिच्यावर टेकवायचं, त्याच कलाने दगडावर ओढायचं.

जिन्यातून उतरताना जावईबापूंनी फुकटचा सल्ला दिला. धारेवर मार्कर फिरवा म्हणे, मग ओढा. कोन बरोबर असेल तर ऐन टोकापर्यंत सगळी शाई निघते. रंगकाम बालवाडीत शोभतं. ऐकू न आल्यासारखं केलं.

५ मार्च, दुपारी
ते कामावर गेल्यावर मार्कर फिरवून बघितला. शाई पात्याच्या वरच्या अंगाने निघाली, धारेवर जशीच्या तशी. मार्कर उत्तम दर्जाचा आहे. फार पक्की शाई.

९ मार्च
रोज घासतोय. पाठ धरली. पाचरीचा पाण्याने लगदा झाला, नवी कापली. ही म्हणाली, चाकू बारीक होत चाललाय, तुमचं पोट मात्र आहे तिथेच. बत्तीस वर्षं वर्गाने ऐकलं, पस्तीस वर्षांच्या संसारात हिने एकदाही नाही.

१२ मार्च
विजय. डाव्या हातावरचे केस एका फटक्यात साफ. हाक मारून मुलीला खाली बोलावलं, दाखवलं. छान आहे बाबा, म्हणाली. मागोमाग जावईबापू आलेच. म्हणे धार पातळ आहे, जाड दोरी कापून बघा. शुद्ध जळफळाट. दोरी कापली नाही. सिद्ध झालेलं प्रमेय आपण पुन्हा सिद्ध करत नाही.

१४ मार्च
स्वयंपाकघरातल्या चारही सुऱ्या दहा-दहावर आणल्या. हिला सरप्राइज. डावा हात आता कोपरापर्यंत गुळगुळीत. बरोबर फिरायला येणारे रिटायर्ड पोस्टमास्तर भाजलं का म्हणून विचारत होते. त्यांना कोन कळत नाहीत.

१५ मार्च, रविवार
वरची दोघं सकाळीच कुठलीशी जागा बघायला गेली. हिंडून येतील, पाय दुखतील, गप्प बसतील.

जावईबापूंच्या कामाचा पट्टा जिन्यातल्या खुंटीवर होता. त्यात ते मल्टिटूल, म्हणजे पक्कड, स्क्रूड्रायव्हर आणि पातं एकातच. पातं बघून कीव आली. जाडजूड धार, पंचवीसची. हे घेऊन हा माणूस मला शिकवतो. खरखरीत बाजूवर पाच तास घेतले, दहावर आणलं, होतं तिथे ठेवून दिलं. हिला सोडून कुणाला पत्ता नाही. उद्या कामावर स्वतःच थक्क होतील. मग शांतपणे सांगेन.

१६ मार्च, संध्याकाळी
थक्क झाले म्हणायचं. लिफ्टच्या मशिनरूममध्ये तारा बांधायचा जाड प्लॅस्टिकचा केबल-टाय कापताना धार दुमडली, पातं सटकलं, डावा अंगठा. तीन टाके.

मुलगी खाली आली. मल्टिटूलला हात लावला होतात का, असं विचारलं. मी म्हणालो, धरायची पद्धत चुकली असणार. तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी भुजांपासून समजवायला घेतलं. दुसऱ्या भुजेवर आलो तोवर ती उठून वर गेली होती.

जावईबापू मल्टिटूल खुंटीवरच्या पट्ट्यात ठेवून वर गेले. हाही अपमान करण्याचाच एक प्रकार. अंगठ्याचं वाईट वाटलं. इथे लिहितो, त्यांना सांगणार नाही.

२२ मार्च
वर रिकामी खोकी आली आहेत. ही म्हणते, एक तारखेला जाणार, जागा ठरली. मला घाबरवायचे धंदे. उद्या वर जाऊन दोन शब्द बोलणार आहे. माफी नव्हे, स्पष्टीकरण.

ही असंही म्हणते की चारही सुऱ्यांनी टोमॅटो चेचला जातो. हल्ली टोमॅटोच तसे येतात.

२३ मार्च
वर जायचं राहिलं. पाठ दुखत होती.

३१ मार्च
मदतीला वर गेलो, आपण होऊन. मुलगी खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. कात्री आधीच कुठल्याशा खोक्यात गेली होती. तिने विचारलं, बाबा, चाकू आहे ना तुमच्याकडे?

आहे म्हणजे काय. खिशातून काढला, उघडला, पट्टीवर ठेवला. पट्टी ताणली, चुरगळली, पात्याला चिकटून बसली. उजेडात धरला तर धार आडवी पडलेली. कधी पडली कोण जाणे. कदाचित त्या पुठ्ठ्याच्या पाचरी कापताना. खाली जाऊन सुरी आणली. तेच. दुसरी आणली. तेच. जावईबापू बँडेजच्या हाताने खोकं दाबून उभे होते. हसले असते तर मला काही तरी बोलता आलं असतं.

शेवटी तिने पट्टी दाताने तोडली. लहानपणी पेन्सिल चावायची तेव्हा मी ओरडायचो, दात किडतील म्हणून. अकरा खोकी, सगळ्या पट्ट्या दाताने. मी मोजत बसलो होतो.

४ एप्रिल, सकाळी ८.१५
मार्कर फिरवला. दहाच्या दोन पाचरी एकीवर एक ठेवल्या. प्रत्येक बाजूला वीस. निव्वळ प्रयोग म्हणून, मत बदललेलं नाही. थोडं ओढल्यावर बघितलं, शाई टोकापर्यंत सगळी निघालेली.

चिकटपट्टी कापली. जाड दोरी कापली. सफरचंदाच्या चार फोडी केल्या, स्वच्छ. घड्याळ बघितलं. पाच मिनिटं लागली होती.

बशी घेऊन जिन्यात गेलो आणि वर हाक मारली. दोनदा.

हिने आतून विचारलं, कुणाला हाक मारताय? घसा साफ करत होतो, असं सांगितलं.