आनेकलच्या स्टॉपवर

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. फोनवर बोलताना सासूबाई शेजारीच असतात, म्हणून लिहितेय.

आम्ही सगळे बरे आहोत. आनेकल आता गाव राहिलं नाही, आमच्या सातव्या मजल्यावरून जिकडेतिकडे नव्या इमारतीच दिसतात. गिरीराजला बेळ्ळंदूरच्या ऑफिसात पोचायला दोन तास लागतात, पण तब्येत ठीक आहे त्याची.

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या शाळेची नोकरी मात्र हुकली. मुलाखतीच्या दिवशी तीन बस खच्चून भरून न थांबताच गेल्या. रिक्षावाला म्हणाला, "रोड बंद, अक्का, नाळे बा." उद्या ये म्हणे! निळी साडी नेसून दीड तास उभी राहिले आणि परत आले. शाळेत फोन केला, तर जागा भरली होती.

गिरीराज म्हणाला, "बरं झालं, दगदग वाचली तुझी." सासूबाईंनी मेथी पुढ्यात ठेवली. मी निवडत बसले.

कऱ्हाडला ऊन फार आहे का? बाबा फिरायला जातात ना?

आई, एक कर. गुडघे दुखतात, महिनाभर मुलीला पाठवा, असं तूच गिरीराजला सांग. दुखत नसले तरी सांग.

तुझीच,
दिव्यश्री