अकोट्यातला अमेरिकेचा नंबर

१४ मे २००७

सकाळी सहाला लाइट गेली. फोनही गेला! अमेरिकेत उन्मेषच्या हॉस्पिटलातल्या फोनवरून परदेशी कॉल लागत नाही. त्याने आपल्याकडे पाठवलेल्या इंटरनेट फोनच्या डबीचा नंबर अमेरिकेतलाच, म्हणून पडल्यापडल्या तो आपल्या सातला फोन लावतो. पाच मिनिटं. केमोनंतर तेवढाच दम उरतो.

वसुंधरा साडेसहापासून खुर्ची ओढून बसली होती. नऊपर्यंत बसली. मुलाचा आवाज ऐकल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नाही. लाइनचं काम आहे म्हणे, महिनाभर लाइट केव्हाही जाणार.

१५ मे

यूपीएस आणला. डबीचा दिवा लागला, फोन मुकाच. राऊटर भिंतीच्या प्लगवरच राहिला होता! तीस वर्षं रिफायनरीत इन्स्ट्रुमेंटं सांभाळली, आणि घरी ही अक्कल. वसुंधराने फोन पदराने पुसून जागेवर ठेवला. बोलली असती तर बरं झालं असतं.

१६ मे

राऊटरही जोडला. तरी नाही. नेटवाल्या केयूरला बोलावलं. "काका, अगाशीमां स्विच छे ने, ए पण लाइटथी ज चाले." म्हणजे गच्चीवरचा त्याचा डबा बंद, की आपलं सगळं बंद.

सोसायटीचे हिंमतराव वर बॅटरी ठेवू देईनात. "उद्या काही झालं तर कोण निस्तरणार?" माझा आवाज चढला. मग उन्मेषच्या आजाराचं सांगून टाकलं. आजवर इथे अकोट्यात कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी गच्चीची किल्ली काढून दिली.

१९ मे

लाइट नाही, आणि फोन वाजला! "आई, जेवलीस?" सकाळी सातला विचारतो, गाढव. ती हसली. मी बॅटरी बघायच्या निमित्ताने गच्चीवर जाऊन रडून आलो.

२३ मे

आज सूनच बोलली. "झोपलाय तो, बाबा." मनाली खोटं बोलते तेव्हा फार हळू बोलते. भीती वाटते.

२४ मे

पुन्हा मनालीच. वसुंधरा म्हणाली, "उद्या त्यालाच दे हं, दोन शब्द तरी."

२५ मे

पहाटे साडेपाचला मनालीचा फोन आला. वसुंधरा अंघोळीला गेली होती. उन्मेष गेला.

मी डबीची वायर काढून ठेवली. ती आली, खुर्चीत बसली. सात झाले. साडेसात झाले. "फोन का बंद?" म्हणाली.

लाइट गेलीय, म्हणालो.

तिने वर पाहिलं. पंखा चालू होता.