व्हरांड्यातलं मशीन

आई,

आज तुला त्या मशीनबद्दल लिहायचं आहे. तू असताना आपण त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही, आणि तू गेल्यावर बोलायला कुणी उरलं नाही. पण मला तो सगळा दिवस आठवतो. आता या वयात सकाळी काय खाल्लं ते विसरते, पण त्या खोलीची लांबी विचार, लगेच सांगेन. अठरा फूट. मी स्वतः टेपने मोजली होती.

एकाहत्तरचं साल, युद्धाचे दिवस. खमरियाच्या आपल्या क्वार्टरच्या खिडक्यांना तू काळा कागद डकवला होतास. दारूगोळ्याचा कारखाना तीन पाळ्यांत चालू, भोंगा झाला की रस्ताभर सायकली, आणि बस अशी भरलेली की कंडक्टर आत शिरायचाच नाही. मी तेवीस वर्षांची. कारखान्याच्या ट्रेनिंगच्या खोलीत नव्या लोकांना शिकवायला लागून मला सहा महिने झाले होते. बाबांना आजारपणात जाऊन दोन वर्षं झाली होती. एक दिवस तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "बायका घेऊन राहिले म्हणते कारखान्यात. मी नाव देऊन आली." मी म्हटलं, "अगं, बारूद भरायचं काम आहे ते." तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "मग? कोणी तरी भरूनच राहिलं ना."

अशी तू माझ्याच वर्गात विद्यार्थिनी म्हणून आलीस. चाळीसेक बायका होत्या तुमच्या त्या तुकडीत. बहुतेक आजूबाजूच्या गावांतल्या, काही अधारतालच्या, मराठी अशा तुम्ही तिघीचौघीच. पहिल्याच दिवशी तू मला "मॅडम" म्हणालीस. मी इतकी गडबडले की हातातला खडू पडला. घरी आल्यावर मी विचारलं, असं काय म्हणालीस. तू म्हणालीस, "तिथं आई म्हटलं तर बाकीच्यांना वाटेल मले सोपं काम देशील."

आणि मग तो घोळ सुरू झाला. बारूदच्या शेडमध्ये अंगावर धातू चालत नाही. बांगडी नाही, जोडवं नाही, केसात पिन नाही. घासून ठिणगी पडली तर संपलंच. मी हे सांगितलं, छापील पत्रकं वाटली. बायकांनी पत्रकं घडी घालून कमरेला खोचली. बांगड्या काढायला त्या तयार झाल्या, पण जोडव्यांवर गाडी अडली. पहिल्या रांगेत बसणारी एक वयस्क बाई होती, सगळ्या तिला अम्मा म्हणायच्या. ती म्हणाली, "बहनजी, बिछिया तो हम चिता पे ही उतारेंगे." तिच्यामागे सगळ्या माना डोलल्या. साहेबांच्या कानावर गेलं. ते वाईट नव्हते, पण त्यांची घाई मोठी होती. मला म्हणाले, "शनिवार तक समझा लो. नहीं तो यह बैच कैंसल, हम आदमी ले लेंगे." मी घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू नुसती डाळ घोटत राहिलीस. काम जाणार होतं त्या चाळीसांत तूही होतीस, हे मला तुझ्या पाठीकडे पाहून कळत होतं.

शुक्रवारी मला कपाटात ती फिल्म सापडली. गोल डब्यात, पंधरा मिनिटांची, शेडमध्ये कसं वागायचं याची. एका जागी चिमूटभर बारूद टेबलावर ठेवून, त्याच्याशेजारी एक बारीकशी धातूची कडी घासून दाखवली होती. मला वाटलं, हेच पाहिजे. हे डोळ्यांनी पाहिलं तर समजतील. पण फिल्म दाखवायचं मशीन चालवणारा माणूस दुसऱ्या पाळीच्या कामाला लावलेला. मी त्याला गाठलं, तर त्याने दहा मिनिटांत सगळं सांगून टाकलं. फिल्म कुठून कुठे जाते, वरची आणि खालची वेटोळी सैल ठेवायची, आणि जाता जाता एक गोष्ट दोनदा सांगितली: बल्ब एकच आहे, गरम असताना मशीन हलवायचं नाही, तार तुटली की खेळ खलास.

त्या संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात मी परकराची नाडी घेतली आणि ती लाटणं, डबा, खलबत्त्याचा बत्ता यांच्यावरून वळवून वळवून फिल्म चढवायचा सराव केला. तू कोठीत टॉर्च मारून तांदूळ काढत होतीस. मागे वळून पाहिलंस आणि म्हणालीस, "नाडी घातली का बरोबर?" आणि आपण दोघी हसत सुटलो. बाबा गेल्यानंतर त्या घरात एवढं हसणं पहिल्यांदाच झालं असेल.

शनिवारी सकाळी नऊला मी त्या खोलीत आहे. खिडक्यांना ब्लॅकआउटचा कागद आधीच लावलेला, त्यामुळे दार लावलं की भर दिवसा काळोख. समोरच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली. मागच्या दारापाशी टेबल, टेबलावर दुसरं टेबल, त्याच्यावर ते जड मशीन. बायका खाली सतरंजीवर बसणार, त्यांची डोकी आडवी येऊ नयेत म्हणून मी ते एवढं उंच चढवलं होतं. बायका दहाच्या आधीच येऊन बसल्या. साहेब अकराला येणार होते. म्हटलं, एकदा चालवून पाहू. बटण दाबलं, घरघर सुरू झाली, चादरीवर उजेड पडला, आणि सगळ्या बायका खो खो हसायला लागल्या.

चित्र जेमतेम तीन फुटांचं. तेही वाकडं. वरून खाली मारल्यामुळे वर अरुंद आणि खाली पसरट. त्यात एक माणूस चालत होता, त्याचं डोकं लिंबाएवढं आणि पाय हत्तीचे. मशीनची घरघर अशी की तो काय बोलतो ते ऐकूच येईना. मागच्या रांगेतून तुझा आवाज आला, "हे तर सूप दिसून राहिलं." मराठी बायकांनी इतरांना हिंदीत सांगितलं आणि हसण्याची दुसरी लाट आली. माझे कान तापले. मी मशीन बंद केलं, दिवा लावला आणि ओरडले, "हँसने की क्या बात है इसमें?"

तू उठलीस, माझ्या दंडाला धरून मला दाराबाहेर व्हरांड्यात नेलंस. तिथे तू मला मॅडम म्हणाली नाहीस. "त्या तुझ्यावर नाही हसून राहिल्या, चित्रावर हसून राहिल्या. अन् चित्र हसण्यासारखंच आहे. काहून डाफरते? त्यांना वाचता येत नाही, पण कोण कसं बोलते ते समजते." मला रडू येत होतं. मी म्हटलं, "खोलीच लहान आहे गं, मी काय करू? मशीन जेवढं मागे नेऊ तेवढं चित्र मोठं होतं, पण मागे भिंत आहे."

तू भिंतीकडे पाहिलंस. मग दाराकडे. मग व्हरांड्याकडे, तो चांगला दहा फूट रुंद होता. आणि अगदी सहज, दळण कुठे ठेवू असं विचारावं तसं विचारलंस, "मशीन खोलीतच काहून पाहिजे?"

मला आधी कळलंच नाही. तू म्हणालीस, "टॉर्च कोठीत धरला तर वाटीएवढा उजेड पडते. तिथूनच भिंतीवर मारला तर परातीएवढा. हे बी तसंच ना? मग इथं ठेव बाहेर, दारातून मार आत. आवाज बी बाहेरच राहील." मी म्हटलं, "इथे ऊन आहे, दार उघडं ठेवलं तर खोलीत उजेड येईल." तू व्हरांड्याच्या खांबांकडे बोट केलंस. "दोऱ्या बांधू. इथून दारापर्यंत. घोंगड्या टाकू दोन्हीकडून, वरून बी. बोगदा करू बोगदा."

आई, तो क्षण मी आयुष्यात पुन्हा कधी अनुभवला नाही. सगळं एकदम डोक्यात जुळलं. बाहेर मशीनच्या अगदी पुढ्यात डोकी नसतील, म्हणजे ते उंच चढवायला नको. बसलेल्या बायकांच्या डोक्यावरून, चादरीच्या मध्याच्या पातळीत, अगदी सरळ मारता येईल. म्हणजे चित्र वाकडं होणार नाही. मी मशीन उचलायला धावले आणि हात लावताच चटका बसला. बल्ब. गरम होता. तो माणूस दोनदा जे बजावून गेला होता तेच मी करायला निघाले होते. साडेदहा वाजले होते. थांबणं भाग होतं, आणि ती वीस मिनिटं म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब वीस मिनिटं.

पण तू कुणाला बसू दिलं नाहीस. आत जाऊन म्हणालीस, "चलो, सब उठो, काम है," आणि चाळीस बायका उठल्या. कुणी प्रथमोपचाराच्या खोलीतून घोंगड्या आणल्या, कुणी दोऱ्या. अम्मा, तीच अम्मा, पदर खोचून स्टुलावर चढली आणि चौकटीच्या खिळ्याला अशी गाठ मारली की नंतर ती चाकूने कापावी लागली. एक म्हणते इकडून उजेड येतो, दुसरी तिथे पदर लावून पाहते. मी एका टेबलाखाली विटा सारते आहे, डोळा मशीनच्या उंचीला लावून चादरीकडे पाहते आहे. मध्ये मध्ये मशीनला हात लावते. अजून कोमट. अजून कोमट. मग गार. आम्ही चौघींनी ते तान्ह्या बाळासारखं उचललं आणि व्हरांड्याच्या कडेला ठेवलं. स्पीकरची लांब वायर सोडून स्पीकर चादरीखाली ठेवला. नाडीसारखी फिल्म चढवली. तेवढ्यात साहेब आले.

मी बटण दाबलं. बोगद्यातून उजेडाचा पट्टा आत गेला आणि चादरीवर पाच फुटांच्या वर चित्र उमटलं, चारही कोपरे काटकोनात. खोलीत मशीनचा आवाज नावाला. फिल्ममधल्या माणसाचं बोलणं शब्द न् शब्द ऐकू येतंय. कुणी हसत नाही. मी फटीतून पाहते आहे. ती चिमूट आली, कडी घासली गेली, आणि चादरभर भक्कन पांढरा उजेड झाला. सगळी खोली मागे सरकली. फिल्म संपल्यावर दिवा लावला. मग अम्मा म्हणाली, "बहनजी, वो वाला फिर से दिखाओ." मी फिल्म मागे घेतली आणि तेवढा भाग पुन्हा दाखवला. दिवा लागला तेव्हा अम्मा पाय पसरून बसली होती, आणि तेलाने, थुंकीने, काय मिळेल त्याने पायातलं जोडवं फिरवून फिरवून काढत होती. इतक्या वर्षांचं रुतलेलं. तिच्या शेजारणीने तिचं पाऊल मांडीवर घेतलं. मग दुसरी बसली, मग तिसरी. साहेब मला हळूच म्हणाले, "सोमवार से शेड में भेज दीजिए इनको."

तू त्यात कुठे होतीस? तू बाहेर होतीस. डिसेंबरचा वारा सुटला होता आणि दाराकडची घोंगडी सारखी उडत होती, म्हणून ती दोन्ही हातांनी चौकटीला दाबून तू पूर्ण वेळ उभी राहिलीस. पहिल्यांदा, आणि मग दुसऱ्यांदाही. चाळीसांतल्या एकोणचाळीसजणींनी ती फिल्म पाहिली. तू भिंत पाहिलीस.

साहेब बाहेर आले, बोगदा निरखून पाहिला, खूश झाले. "वाह. यह किसका आइडिया था?" तू घोंगडीची घडी घालत होतीस, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी म्हणाले, "सर, कमरा छोटा था, तो मैंने सोचा बाहर से करके देखें." तुझे हात क्षणभर थांबले की नाही, ते मला सांगता येणार नाही. मी पाहिलं नाही. मी साहेबांकडे पाहत होते.

घरी तू नेहमीसारखा स्वयंपाक केलास. वाढताना एवढंच म्हणालीस, "आवाज चांगला येत होता बाहेरपर्यंत." मी थांबले, वाटलं पुढे काहीतरी म्हणशील. तू भाजी वाढलीस. सोमवारी तू शेडमध्ये गेलीस आणि पुढे अकरा वर्षं त्या कामावर राहिलीस, कधी बोटाला खरचटलंही नाही. मी त्या खोलीत निवृत्तीपर्यंत राहिले. प्रत्येक नव्या तुकडीला तशीच फिल्म दाखवली, व्हरांड्यातून. त्या मांडणीला लोक "मैडम वाली सेटिंग" म्हणायचे. मला ते ऐकायला आवडायचं, आई. खूप आवडायचं.

काल नातीने घरी एक छोटंसं प्रोजेक्टरचं मशीन आणलं, टिफिनएवढं. ते हॉलमध्ये कुठे ठेवायचं यावरून तिची आणि तिच्या नवऱ्याची वादावादी चालली होती. मी उठले, ते पॅसेजमध्ये नेलं, दारातून मारलं. भिंतभर चित्र आलं. ती टाळ्या वाजवत म्हणाली, "आजी, आपको ये कैसे सूझा?"

मी म्हणाले, "सुचलं असंच."